सातवी वस्तू

१

नटाबाहेर आलेले आटे तीन होते. मावशीने भिंग डोळ्याजवळ धरून ते दोनदा मोजले, मग शेजारच्या नटाचे मोजले. तिथेही तीनच. दोन्ही नटांवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती. ती नटावरून उतरून खालच्या लोखंडावर गेली होती आणि कुठेही तुटलेली नव्हती. नट जरासा जरी फिरलेला असता तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले असते. मावशीने वहीत लिहिलं : रेघ अखंड, आटे तीन-तीन. का लिहिलं ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. मापन प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला दिसलेलं लिहून ठेवायला कारण लागत नाही.

"काय म्हणतंय आमचं सूक्ष्मदर्शक?" मागून उस्ताद म्हणाले.

ते तिचे भावोजी. तिच्या थोरल्या बहिणीला जाऊन तीन वर्षं झाली होती, पण चेष्टेचं नातं शिल्लक होतं. गॅरेजमध्ये आणि बाहेरही सगळे त्यांना उस्तादच म्हणत.

"अजून काही म्हणत नाही, भावोजी. तुम्ही चष्मा का लावत नाही?"

"चष्मा पेपर वाचायला. गाडीला बोटं लागतात. मी मापत बसत नाही, माझ्या बोटांना कळतं."

समोर उभी होती ती डॉक्टरांची साय-रंगाची, पंचावन्न वर्षांची गाडी. नाक डावीकडून चेपलेलं, एक दिवा फुटलेला. परवा सकाळी अकरा वाजता डॉक्टर ती गॅरेजमधून घेऊन गेले. चार किलोमीटर ती लोण्यासारखी चालली. मग उतारावर त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला, तरी ब्रेक सुटेनात. उलट आवळतच गेले. गाडीने गिरकी घेतली आणि दिव्याच्या खांबावर आदळली. डॉक्टरांच्या खांद्याचं हाड मोडलं. गाडी ओढून आणेपर्यंत ब्रेक गार होऊन आपोआप सुटलेही होते, जणू काही झालंच नाही.

त्याच्या आदल्या दिवशी त्या गाडीचा ब्रेक बूस्टर बदलला होता. बूस्टर म्हणजे ब्रेकच्या पेडलापुढचा तो मोठा गोल डबा. इंजिनाच्या ओढीवर तो पायाचा जोर चौपट करतो. काम उस्तादांच्या धाकट्या मुलीने केलं होतं. एकटीने.

"मला भरपाई नको," डॉक्टर दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाले होते. "पण चूक कुणाची ते कळलं पाहिजे. तोवर गॅरेजमधल्या कुणी गाडीला हात लावायचा नाही. तुमची मेहुणी बघू दे. ती कुणाचं मन राखत नाही, असं ऐकून आहे."

"बघा, बघा," उस्ताद आता म्हणाले. "पण सापडायचं काय त्यात? आमच्याकडे मोजून काढायचं आणि मोजून घालायचं. या गाडीचं मास्टर सिलिंडर, तुम्ही बघताय तेच, सोडवलं की सहा वस्तू सुटतात. दोन नट, दोन वायसर, एक रबरी रिंग आणि सिलिंडर. खाली कापड अंथरायचं. सहा सुटल्या, सहा गेल्या, कापडाची घडी करायची, चहा प्यायचा. चाळीस वर्षं. हिला तेवढं जमलं नसेल, तर..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. दाराशी धाकटी उभी होती. तिच्या हातात हत्यारांची पेटी होती आणि पेटीला दोरी बांधलेली होती.

२

"कुठे निघालीस?"

"संध्याकाळी डॉक्टर येणार आहेत ना. तोवर आहे." धाकटीने पेटी खाली ठेवली. "चूक माझी निघाली मावशी, तर मी परत पान्याला हात लावणार नाही. माणूस मेला असता."

"आणि नाही निघाली तर?"

"रेघा तुटलेल्या नाहीत. माझ्यानंतर कुणी उघडलेलंच नाही. मग उरलं कोण?"

मावशीने तिला स्टुलावर बसवलं. पोरीचे डोळे सुजले होते, पण बोलणं सरळ होतं. ही तिची चांगली खोड.

"झालंय काय ते मला एकदा तुझ्या तोंडून सांग. मी शिकलेली असेन, पण गाडीतलं मला ढिम्म कळत नाही."

"बूस्टरमधून एक दांडा पुढे येतो. तो मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला ढकलतो, आणि दट्ट्या ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलतो. पाय काढला की दट्ट्या पूर्ण मागे यायला हवा, तर तेलाला परतीची वाट मोकळी होते. दांडा केसभर लांब राहिला, की दट्ट्या मागे येत नाही. तेल अडकतं. अडकलं की ब्रेक घासतात, घासले की तापतात, तापलं की तेल फुगतं, आणि फुगलं की आणखी आवळतात."

"सुनेला माहेरी जाऊ न देणारी सासू."

धाकटी दोन दिवसांत पहिल्यांदा किंचित हसली. "तशीच. म्हणून दांडा आणि दट्ट्यामध्ये जराशी फट ठेवायची असते. नवीन बूस्टरचा दांडा मुळातच लांब होता. सगळा आत फिरवला तरी लांबच. मग मी सिलिंडर आणि बूस्टरच्या मध्ये पत्रा घातला. दांडा आखूड होत नाही ना, मग समोरची भिंतच दूर न्यायची. पत्रा मीच कापला. मिस्त्रीकाकांनी कडा घासून दिल्या."

"पत्रा बाहेरून दिसतो?"

"नाही. खोबणीत बसतो."

"म्हणजे त्या कामात वस्तू किती झाल्या?"

"सात." मग तिचा आवाज उतरला. "दादा विचारतो, घातलास हे नक्की ना? घातला, मावशी. पण तो इतक्यांदा विचारतो, की काल रात्रीपासून मलाच पत्रा हातात दिसतो, आणि पुढचं काही दिसत नाही."

"जाडी किती होती?"

"सव्वा मिलिमीटर."

मावशीची पेन्सिल थांबली. "आणि त्या नटांच्या आट्यांमधलं अंतर?"

"तेही सव्वाच असतं या मापाला. का?"

"उगीच. काम संपल्यावर फोटो काढला होतास?"

"प्रत्येक कामाचा काढते. बाबा हसतात, म्हणतात लग्न लावतेस का गाडीचं." तिने फोन पुढे केला. "रेघा मारल्यावर लगेचचा."

मावशीने चित्र मोठं केलं. पिवळी रेघ, अखंड. नटाबाहेर आलेले आटे मोजले. मग वही उघडून आपलाच आकडा पुन्हा वाचला.

फोटोत आटे दोन होते.

३

थोरला, धाकटीचा दादा, तिला टायरच्या खोलीत सापडला. चाकांची आणि टायरची कामं त्याच्याकडे. अंगाने दांडगा, बोलायला फटकळ.

"या मावशी. माझी उलटतपासणी ना?"

"बस. परवा सकाळी आठ ते अकरा कोण कोण होतं इथे?"

"मी, मिस्त्रीकाका, बाबा. ती सामानाच्या दुकानात गेली होती, ती डॉक्टर गेल्यावर आली."

"डॉक्टरांच्या गाडीचं बॉनेट उघडलंस?"

"काच पुसायच्या टाकीत पाणी घातलं. दोन मिनिटं."

"तुझ्या अंगठ्याच्या नखाला पिवळा रंग आहे."

थोरल्याने मूठ मिटली, पण उशीर झाला होता. मावशी उठली आणि त्याच्या टेबलाखाली वाकली. जुन्या ट्यूबच्या ढिगामागे बाटली होती. झाकणाला चिकटलेला बारीक ब्रश, पिवळा रंग.

बाहेर कुणीतरी हवा भरण्याचं यंत्र चालू केलं, बंद केलं.

"बाहेरची पाटी बघितलीत?" तो शेवटी म्हणाला. "वर बाबांचं नाव, खाली कोरं. आई गेली तेव्हा बाबांनी खालची, तिच्या नावाची ओळ खरवडली, म्हणाले गॅरेज कुणाच्या हवाली करायचं ते ठरवतो आणि लिहून घेतो. रंगारी तीनदा आला, तीनदा परत पाठवला. मी बारा वर्षं इथे आहे, ती चार. आणि काम झालं त्या संध्याकाळी डॉक्टर गाडी फिरवून आणतात, सकाळी नेतो म्हणून परत लावतात आणि सगळ्यांसमोर म्हणतात, 'तीस वर्षांत या गाडीला असं पेडल कधी लागलं नव्हतं.' तिला म्हणतात. मी तिथेच उभा, हातात पंक्चरची ट्यूब."

"जळफळाट झाला."

"झाला. खोटं कशाला बोलू? अपघात झाल्याचं कळलं तेव्हा आधी डॉक्टरांची काळजी वाटली, आणि तिच्या पाठोपाठ... बरं वाटलं. लाज वाटावी असं बरं."

"आणि हा रंग?"

तो उठला, भिंतीशी रचलेल्या चाकांपैकी एक त्याने वळवलं. प्रत्येक नटावर पिवळी रेघ होती. सरळ नव्हती, शाळेतल्या पोराने काढावी तशी.

"तिचं बघून," तो पुटपुटला. "ती पद्धत चांगली आहे. पण तिला सांगू नका हं."

मावशीने बाटली परत ट्यूबमागे ठेवली. मत्सराच्या पोटी नक्कल होते, हे तिला ठाऊक होतं. पण थोरला त्या सकाळी नट सोडवायला बसला असता, तर त्याने काय केलं असतं? या गाडीचा ब्रेक त्याने जन्मात उघडला नव्हता. जे जे सुटलं असतं ते ते त्याने घाबरत घाबरत जसंच्या तसं परत घातलं असतं. कुणाला अपाय करायचा असता, तर रेघ इतकी नेमकी जुळेल हे त्याला आधी कळणार कसं?

दारात मिस्त्री उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"बाई," ते म्हणाले, "मी काही पाहिलेलं नाही."

तिने त्यांना अजून काही विचारलंच नव्हतं.

४

मिस्त्री उस्तादांबरोबर तीस वर्षं होते. उस्तादांचं मीठ खाल्लंय, असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत.

"परवा सकाळी मी रेडिएटर झाळत होतो. काळा चष्मा डोळ्यांवर. चष्म्यातून ज्योतीशिवाय काही दिसत नाही."

"बरोबर. पण कानांवर चष्मा नव्हता."

मिस्त्रींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मिस्त्री, पत्र्याच्या कडा तुम्ही घासून दिल्या?"

"हो. पोरीने बेतला झकास होता. मी तिला म्हटलंसुद्धा, असं आम्हाला सुचलं नव्हतं."

"म्हणजे त्या जागी सात वस्तू आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं की."

"तुम्ही सिलिंडर सोडवलं असतं तर सात मोजल्या असत्या. तुम्ही काय ऐकलंत, ते मी विचारत नाही. एवढंच सांगा, मोजणी कितीपर्यंत ऐकू आली?"

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं तसे ते वळून झाळणीच्या कोपऱ्याकडे गेले. त्यांनी काळा चष्मा लावला. ज्योत मात्र पेटवली नाही.

मावशी पाण्याच्या नळाशी उभी राहिली. तिला प्रयोगशाळेतली एक मुलगी आठवली. मावशीनेच तिला तराजू शिकवला होता. पुढे ती मुलगी मावशीच्या वरच्या खुर्चीत बसली. एक दिवस तिचं माप चुकलं. मावशीला चूक आधी दिसली होती, आणि ती दुपारपर्यंत गप्प बसली. कुणाचं हाड मोडलं नाही, काही नाही. पण त्या चार तासांची गोडी तिला अजून जिभेवर जाणवत असे, आणि ती अजून कुणाला सांगितलेली नव्हती.

शिकवलेल्या हाताने आपल्यापेक्षा सरस काम करावं, आणि ते दुसऱ्याने मोठ्याने बोलून दाखवावं. बारा वर्षं इथेच राबणाऱ्या भावाला त्याने ओरखडा पडला. मग डॉक्टरांच्या बोलण्यातली ती तीस वर्षं ज्याच्या कामाची होती, त्याला काय झालं असेल?

बाहेर रिक्षा थांबली. डॉक्टर आले होते, हात गळ्यात बांधून.

५

सगळे गाडीभोवती जमले. मावशीने धाकटीला पाना दिला.

"उघड. डॉक्टर, मी सांगतेय म्हणून."

धाकटीने नट सोडवले. पाइप न काढता सिलिंडर हलकेच पुढे ओढलं आणि आत बघितलं. खोबणी रिकामी होती.

"म्हणजे घातलाच नव्हता," थोरला म्हणाला. पण त्याच्या आवाजात आता जोर नव्हता.

"घातला होता," मावशी म्हणाली. "त्या फोटोत नटाबाहेर दोन आटे आहेत. आज सकाळी मी मोजले ते तीन. मधून सव्वा मिलिमीटर काढलं, की नटाला सव्वा मिलिमीटर पुढे जावं लागतं. या आट्यांना ते बरोबर एक फेरा होतं. पूर्ण एक फेरा मारून नट पुन्हा त्याच दिशेला तोंड करून उभा राहिला, आणि रेघ रेघेला मिळाली. सगळ्यांना वाटलं, कुणी उघडलंच नाही. उघडणाऱ्यालाही वाटलं असणार, सगळं होतं तसं बसलं."

"पण उघडलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"ज्याला घात करायचा असता त्याने पत्रा मुद्दाम काढला असता. पण पत्रा काढल्यावर रेघ जुळेल याची खात्री कुणालाच नव्हती. हा काढलेला नाही, राहिलेला आहे. नवख्याच्या हातून असं होत नाही. तो जे सुटेल ते सगळं परत घालतो. ज्याला ही गाडी पाठ आहे त्याच्याच हातून हे होतं. त्याचे हात सहा मोजतात. सहा परत गेल्या की त्याच्या लेखी खाली काही उरलेलं नसतं."

ती उस्तादांकडे वळली.

"भावोजी," मावशी म्हणाली, "तुमचं अंथरायचं कापड द्या."

"मळकं आहे."

"असू दे."

उस्तादांनी पाटीखालच्या खुंटीवरून ते हिरवं कापड काढलं. जुन्या पडद्याचं, चौपदरी घडी घातलेलं. मावशीने ते गाडीच्या मडगार्डवर ठेवून एक घडी उलगडली, मग दुसरी. आतल्या पदराला, काळ्या ग्रीसने चिकटून, पातळ पत्रा होता. कडा घासलेल्या. धाकटीने तो उचलला नाही. फक्त बोट लावलं.

उस्ताद जवळच्या स्टुलावर बसले. एरवी कुणी बसा म्हटलं तरी ते गॅरेजमध्ये बसत नसत.

"मला बघायचं होतं," ते म्हणाले. "हिने असं काय केलंय आत, जे मला तीस वर्षांत जमलं नाही. एखादी खोट सापडली असती तर बरं वाटलं असतं. दांडा हलवून बघितला, रिंग बघितली. कुठे काही नाही. सगळं नीटनेटकं. मला आणखीच राग आला. पत्रा खाली पडलेला दिसलाच नाही. सहा मोजल्या आणि बसवलं. रेघ जुळली. पेडल दाबून बघितलं तर आणखी वर, आणखी कडक. मला वाटलं, बघा, उस्तादाचा हात लागला की फरक पडतोच."

"आणि अपघात झाल्यावर?" धाकटीने विचारलं. "तेव्हा कळलं असेल ना बाबा, तुमच्याच हातून काहीतरी झालं?"

"फोन आला तेव्हाच कळलं. काय झालं ते नाही. पण मी उघडलं होतं, हे तर ठाऊक होतं."

"दोन दिवस मी पेटी बांधून बसलेय."

"बघत होतो." त्यांनी हातांचे तळवे गुडघ्यांवर पुसले. "रोज सकाळी वाटायचं, आता सांगू. मग वाटायचं, दुपारी सांगू. हिची चूक आहे असं सगळे म्हणत होते, आणि ते ऐकायला... मेहुणीबाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला नाही कळायचं."

"कळतं, भावोजी," मावशी म्हणाली. "मला चार तास पुरले होते."

डॉक्टर बराच वेळ पत्र्याकडे बघत होते. "मी ते वाक्य बोलायला नको होतं," ते म्हणाले.

"खरं होतं ते," उस्ताद म्हणाले. "म्हणून तर लागलं."

धाकटी खाली वाकली. तिने पेटीची दोरी सोडली, आतून स्वच्छ फडकं काढलं, पत्रा पुसला आणि प्रकाशाकडे धरून कुठे वाकला नाही ना ते पाहिलं. तिने बापाकडे मात्र पाहिलं नाही. थोरल्याने तिच्या हातात न मागता पाना दिला, आणि खिशातून पिवळ्या रंगाची बाटलीही काढून मडगार्डवर ठेवली. धाकटीने बाटलीकडे, मग त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

सिलिंडर जागेवर गेलं. ती हळू आवाजात मोजत होती. पाच. सहा. सात. नटाबाहेर दोन आटे आले तेव्हा ती थांबली.

उस्ताद ते सगळं ऐकत होते. ते उठले, दारापर्यंत गेले आणि मान वर करून पाटीकडे बघत राहिले. वरची ओळ, खालची कोरी जागा. त्यांनी मागे न वळताच थोरल्याला हाक मारली.

"उद्या रंगाऱ्याला बोलाव," ते म्हणाले. "माझं नाव खरवडून काढायला सांग. तिथे हिचं घाल. आणि खालच्या ओळीत तुझं."